‘टेक’ला ख्मेरमध्ये काय म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबोडियात नोकरीला जाणारे, अंगकोरची मंदिरे पाहायला निघालेले आणि हौसेने तिथली ख्मेर भाषा शिकणारे मराठी लोक एकाच ठिकाणी अडखळतात. इंग्रजी ‘टेक’ (take) हा चार अक्षरी शब्द डोक्यात असतो आणि त्याला समोर एकच ख्मेर शब्द हवा असतो. तसा तो नाही. कुठे कोणता शब्द लागतो आणि चुकीचा वापरला तर काय होते, ते इथे दिले आहे.

सगळीकडे चालेल असा एकच शब्द सांगाल का?

‘योक’. वस्तू हातात घेणे, उचलून ताब्यात घेणे, दुकानात ‘हे घेतो’ म्हणणे, एवढ्यासाठी तो पक्का आहे. मात्र इंग्रजीत ‘टेक’ वापरून जी कामे सांगतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी ‘योक’ चालत नाही. आंघोळ, औषध, फोटो, बस, परीक्षा, श्वास, विश्रांती या प्रत्येकाला ख्मेरमध्ये स्वतःचे क्रियापद आहे. हातापायांनी, तोंडाने, शरीराने प्रत्यक्षात काय केले, ते ख्मेर सांगते. इंग्रजी ते सांगत नाही, म्हणून इंग्रजी शब्द धरून शोध घेतला की चुकीच्या दारात उभे राहतो.

मग इंग्रजीतून जावे की मराठीतून?

मराठीतून. इंग्रजी वाक्य आधी साध्या बोली मराठीत म्हणून पाहा. आपण बस ‘घेत’ नाही, बसने जातो. मुलाला शाळेत ‘घेत’ नाही, सोडतो किंवा नेतो. चपला काढतो, फोटोही काढतो. ‘टेक’ची फोड मराठीने आधीच केलेली असते आणि ती ख्मेरच्या फोडीशी बरीच जुळते.

जिथे मराठीच्या तोंडात ‘घेणे’ बसले आहे, तिथे मात्र सावध राहायला हवे. औषध घेणे, श्वास घेणे, विश्रांती घेणे, चहात साखर घेणे, जबाबदारी घेणे, विकत घेणे, लिहून घेणे: यांतल्या एकालाही ‘योक’ नाही. विकत घेणे म्हणजे ‘तिञ’, विश्रांती घेणे ‘सॉम्राक’, टिपून घेणे ‘कॉत’. साखर तर ‘घालायची’ असते: ‘दाक स्कॉ’. बिनसाखरेची कॉफी हवी असेल तर ‘कोम दाक स्कॉ’, म्हणजे साखर घालू नका. ‘कोम’ हा नकारार्थी आज्ञेचा शब्द. तो दिवसातून दहादा लागतो, आधी तोच पाठ करावा.

देवनागरीत लिहिलेले हे उच्चार कितपत विश्वासाचे?

कामचलाऊ आहेत. ख्मेरमध्ये स्वरांची गर्दी फार आहे आणि त्यांतले काही आपल्या लिपीत बसतच नाहीत. पाण्यासाठी इथे ‘तेउक’ लिहिले आहे, पण त्यातला स्वर ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधोमध, ओठ न गोल करता काढायचा असतो.

दोन गोष्टी सांभाळल्या तर निभावते. एक, शब्दाच्या शेवटचे क, त, प तोंडातच अडवायचे, झटक्याने बाहेर सोडायचे नाहीत. ‘योक’ म्हणताना जीभ क च्या जागी टेकते आणि आवाज तिथेच तुटतो. आपल्या सवयीने ‘योक्क’ असा ठसका दिला की ऐकणारा गोंधळतो. दुसरे, ख्मेर व्यंजनांच्या दोन मालिका आहेत. पहिल्या मालिकेतल्या व्यंजनाचा अंगभूत स्वर ‘ऑ’कडे झुकतो, दुसरीतल्याचा ‘ओ’कडे. फोटोसाठीचा ‘थॉत’ पहिल्या मालिकेतला, ‘योक’ दुसऱ्या. मूळ भारतीय लिपीतली अघोष अक्षरे (क, च, त, प) पहिल्या मालिकेत गेली आणि घोष अक्षरे (ग, ज, द, ब) दुसऱ्या. म्हणून लिहिताना ‘ग’ असलेले अक्षर आज ‘क’ असे उच्चारतात, पण त्याच्या पुढचा स्वर बदलतो. वर्णमाला शिकलेल्या मराठी माणसाला हा नियम इतरांपेक्षा लवकर कळतो.

‘योक’ नेमका कसा वापरायचा?

त्याला दिशेचा शब्द जोडायचा. इंग्रजीत आणणे आणि नेणे यांना दोन वेगळी क्रियापदे लागतात, ख्मेरमध्ये एकच क्रियापद आणि पुढे दिशा:

योक मोक: घेऊन ये, आण
योक तौ: घेऊन जा, ने
योक चेञ: बाहेर काढ
योक चोल: आत घे
योक मोक विञ: परत आण

‘मोक’ म्हणजे येणे, ‘तौ’ म्हणजे जाणे. मराठीत ‘घेऊन जा’ म्हणताना मधे ‘-ऊन’ लागतो, ख्मेरमध्ये काहीच लागत नाही. क्रियापदे ओळीने ठेवतात. ‘सुरी घेऊन काप’ हे ‘योक काम्बेत मोक कात’ होते, शब्दशः ‘घे सुरी ये काप’. वस्तू ‘योक’ आणि दिशेच्या मधे येते. ‘योक मोक काम्बेत’ अशी उलटापालट नवशिके करतात. ते टाळावे.

बाजारात काय म्हणायचे?

‘योक आ निह’: हे घेतो. ‘योक मुय’: एक द्या. नको असेल तर ‘ऑत योक ते’. एवढेच म्हटले तर जरा तुटक वाटते, म्हणून पुढे ‘ऑ कुन’ जोडावे. ‘ऑ कुन’ म्हणजे धन्यवाद, आणि त्यातला ‘कुन’ हा आपलाच ‘गुण’ आहे. विकणारी बाई वयाने मोठी दिसली तर वाक्याच्या आधी ‘बॉङ’ (ताई, दादा) किंवा ‘मिङ’ (मावशी) म्हणावे. नुसते वाक्य फेकण्यापेक्षा याचा उपयोग पुष्कळ होतो.

पैशांचेही ‘योक’नेच विचारता येते: ‘योक दोल्ला ते?’, डॉलर घेता का? कंबोडियात रिएल आणि अमेरिकन डॉलर दोन्ही चालतात, हिशेबाला डॉलरमागे सुमारे ४००० रिएल धरतात. किंचित फाटलेली डॉलरची नोट पुढे केली तर ‘ऑत योक ते’ हे उत्तर तुम्हालाच ऐकावे लागेल. नोटा घेताना कडा तपासून घ्या.

उरलेले जेवण बांधून हवे असेल तर ‘योक’ने सुरुवात करू नका. ‘ख्चॉप’ म्हणा, म्हणजे गुंडाळून द्या. आपल्याकडे ‘पार्सल’ म्हणतात तसाच हा रोजचा शब्द आहे.

माणसाला कुठे घेऊन जायचे असेल तर?

इथे चूक महागात पडते. वाट दाखवत, पुढे राहून नेणे म्हणजे ‘नोअम’. सोबत करणे, पोचवणे म्हणजे ‘चून’, आणि त्यात आदर आहे. वाहनात बसवून वाहून नेणे म्हणजे ‘देउक’. हाच शब्द मालवाहतुकीलाही वापरतात. मुलाला शाळेत सोडणे ‘चून कोन तौ साला’ असे होते. यातला ‘साला’ म्हणजे संस्कृत ‘शाला’, दचकायचे कारण नाही.

‘योक’ माणसाला लागला की अर्थ लग्नाकडे वळू शकतो. ‘योक प्दै’ म्हणजे नवरा करणे, ‘योक प्रॉपुन’ म्हणजे बायको करणे. म्हणून सहकारी स्त्रीला घरी सोडायचे आहे हे सांगताना ‘योक’ अजिबात नको, ‘चून’च हवा.

औषध घेण्याबद्दल इतकी ताकीद का देतात?

कारण इथे मराठी कान स्वतःच फसतो. गोळी घेणे म्हणजे ‘लेप थ्नाम’. हा ‘लेप’ म्हणजे गिळणे. अंगाला मलम लावणे याला ‘लिएप थ्नाम’ म्हणतात. मराठीत लेप लावायचा असतो, ख्मेरमध्ये ‘लेप’ पोटात जातो. औषधाच्या दुकानात ‘लेप’ ऐकून कोणी गोळी कुटून गुडघ्याला लावणार नाही, पण द्रव औषध किंवा पावडर हातात असेल तर गैरसमजाला पुरेपूर वाव आहे. उलट दिशेची चूक जास्त धोक्याची: लावायचे औषध पिण्याचे समजणे. फरक फक्त स्वराचा आहे. ‘लेप’मधला ए सरळ आणि लांब, ‘लिएप’मध्ये इ वरून घसरत जाणारा. शंका आली तर तोंडाकडे किंवा त्वचेकडे बोट दाखवून खात्री करून घ्या, लाजू नका.

‘थ्नाम’ हा शब्दही पसरट आहे. औषध, कीटकनाशक, रंग, तंबाखू या सगळ्यांच्या नावांत तो येतो. म्हणून क्रियापदावर लक्ष ठेवायचे:

लेप थ्नाम: गोळी गिळणे
फेउक थ्नाम: पातळ औषध पिणे
लिएप थ्नाम: मलम लावणे, आणि भिंतीला रंग लावणेसुद्धा
चाक थ्नाम: इंजेक्शन देणे

‘ञाम थ्नाम’, म्हणजे औषध ‘खाणे’, असेही बोलताना ऐकू येते. तेही बरोबर आहे.

मात्रा सांगण्याची रीत ठरलेली असते: ‘मुय थ्ङाय पी दॉङ, म्दॉङ मुय क्रोअप, क्राओय बाय’. दिवसाला दोन वेळा, एका वेळी एक गोळी, जेवणानंतर. ‘दॉङ’ म्हणजे वेळा, ‘क्रोअप’ म्हणजे गोळी किंवा दाणा, ‘बाय’ म्हणजे शिजलेला भात आणि म्हणून जेवणही. जेवणाआधी असेल तर ‘मुन बाय’. हे दोन शब्द, ‘मुन’ आणि ‘क्राओय’, कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत.

औषधाच्या दुकानावरची पाटी वाचता आली तर आपलेपणा वाटेल: ‘ओसॉथस्थान’, म्हणजे औषधस्थान. डॉक्टरला ‘क्रू पेत’ म्हणतात, गुरू आणि वैद्य. रुग्णालय ‘मोन्ती पेत’, मंदिर आणि वैद्य.

दवाखान्यात ताप, रक्तदाब, रक्त ‘घेतात’ त्याचे काय?

मोजायचे ते सगळे ‘वोअह’: ताप, रक्तदाब, शिंप्याकडचे मापही. रक्त काढणे ‘बोम छिएम’, म्हणजे उपसून काढणे. पंपाने पाणी उपसतात तोच ‘बोम’.

फोटो काढू का, हे कसे विचारायचे?

‘सोम थॉत रूप बान ते?’ यातला ‘सोम’ परवानगी मागतो, ‘थॉत’ म्हणजे टिपणे, ‘रूप’ हा आपलाच रूप आणि ‘बान ते’ म्हणजे चालेल का. ‘थॉत’ने आवाजही टिपतात (‘थॉत सॉम्लेङ’) आणि झेरॉक्सही (‘थॉत चॉम्लॉङ’). मराठीतला ‘काढणे’ मात्र इथे आणू नये. त्यासाठीचे ख्मेर शब्द पुढे आहेत आणि त्यांनी फोटो निघत नाही.

बस, टॅक्सी, विमान?

सगळ्यांना ‘चिह’. बस ‘चिह लान क्रोङ’, सायकल ‘चिह कॉङ’, विमान ‘चिह योन होह’. विमानाच्या शब्दातला ‘योन’ म्हणजे यंत्र आणि ‘होह’ म्हणजे उडणे. गाडी चालवायला ‘बअक’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ उघडणे.

किती वेळ लागतो हे विचारताना ‘लागतो’ शोधत बसू नका, तो शब्दच गाळा. ‘पी फ्नोम पेञ तौ सिएम रिएप, चिह लान पोन्मान माओङ?’ म्हणजे नोम पेन्हहून सिएम रीपला गाडीने किती तास? हे अंतर राष्ट्रीय महामार्ग ६ वरून सुमारे ३१५ किलोमीटर आहे. उत्तरात ‘प्राम’ (५) किंवा ‘प्राम मुय’ (६) असे काहीतरी येईल. ख्मेरमध्ये सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन, त्यामुळे ‘प्राम’ ऐकल्यावर पुढचा शब्द येतो का याची क्षणभर वाट पाहा, नाहीतर तासाचा हिशेब चुकेल.

‘डावीकडचा रस्ता घ्या’ हे ‘बॉत छ्वेङ’, डावीकडे वळा. उजवीकडे ‘बॉत स्दाम’.

काढणे या अर्थी कोणता शब्द?

दोन आहेत आणि त्यांची वाटणी सुरेख आहे. ओढून बाहेर काढायचे ते ‘दॉक’. दात काढणे ‘दॉक थ्मेञ’, बँकेतून पैसे काढणे ‘दॉक लुय’. इथवर मराठीशी तंतोतंत जुळते. पुढे मात्र ख्मेर आपल्या वाटेने जाते: श्वास घेणेही ‘दॉक’च, ‘दॉक दॉङ्हअम’. वजाबाकीसुद्धा ‘दॉक’: पाचातून तीन गेले हे ‘प्राम दॉक बै’. इंग्रजीतली ‘टेक अवे’ची वजाबाकी इथे बरोबर बसते.

अंगावरचे सोडवून काढायचे ते ‘दॉह’. चपला-बूट ‘दॉह स्बाएक चङ’, टोपी ‘दॉह मुअक’. बुद्धविहारात शिरताना दोन्ही करावे लागते. ‘स्बाएक चङ’ म्हणजे पायाचे कातडे, असा पादत्राणांचा शब्द आहे. ‘दॉह’ला नेहमी पुढे वस्तूचे नाव जोडावे. एकटा शब्द नाम म्हणून वापरला तर त्याचा अर्थ स्तन होतो. गाईच्या दुधाला ‘तेउक दॉह को’ म्हणतात ते त्यामुळेच.

कोणीतरी माझा फोन ‘घेतला’, हे पोलिसांना कसे सांगायचे?

‘योक’ म्हणाल तर कोणीतरी उचलून नेला एवढेच कळेल, मित्रानेही नेला असेल. नकळत चोरला असेल तर ‘लुअच’, हिसकावून नेला असेल तर ‘छॉक’. मोटारसायकलवरून बॅग ओढून नेली तर ‘छॉक’च सांगा, कारण दोन्ही गुन्हे वेगळे आहेत आणि तक्रारीत नेमका शब्द हवा. फोन म्हणजे ‘तूरोसप’. ख्मेर लिपीत तो अक्षरशः ‘दूरशब्द’ असा लिहितात. मराठीने दूरध्वनी घडवला, ख्मेरने दूरशब्द.

परीक्षा घेणे की देणे?

विद्यार्थी जी देतो ती ‘प्रॉलॉङ’. बारावीच्या राष्ट्रीय परीक्षेला ‘बाक दुप’ म्हणतात. हे नाव फ्रेंच राजवटीतल्या शिक्षणपद्धतीतून आले. उत्तीर्ण म्हणजे ‘प्रॉलॉङ चोअप’, ज्यात ‘चोअप’चा मूळ अर्थ चिकटणे, अडकणे. नापास म्हणजे ‘प्रॉलॉङ थ्लेअक’, म्हणजे पडणे. ‘अडकला’ ऐकून मराठी माणसाला वाईट बातमी वाटते, पण पेढे वाटायची ती वेळ असते.

जबाबदारी घेणे, काळजी घेणे यांना काय म्हणतात?

जबाबदारी घेणे म्हणजे ‘तोतुअल खोह त्रौ’. ‘तोतुअल’ म्हणजे स्वीकारणे, ‘खोह’ चूक, ‘त्रौ’ बरोबर. चूक असो की बरोबर, दोन्ही पदरात घेणे. जबाबदारीची इतकी प्रामाणिक व्याख्या फार थोड्या शब्दांत सापडते.

काळजी घेणे ‘थाए रेअक्सा’, यातला दुसरा शब्द म्हणजे रक्षा. निरोप घेताना ‘थाए रेअक्सा सोखाफिएप’ म्हणावे, प्रकृतीला जपा. लक्ष देऊन काम करणे मात्र ‘योक चेत तुक दाक’. इथे ‘योक’ आला आणि त्याच्यासोबत चित्तही आले: चित्त घे, जपून ठेव.

‘सांभाळून!’ असे ओरडायचे असेल तर ‘प्रॉयात!’. हा संस्कृत ‘प्रयत्न’ आहे, पण ख्मेरमध्ये त्याचा अर्थ खबरदारी. रस्त्यावर पाटीवर तो दिसला तर प्रयत्न करायचा नसतो, सावध व्हायचे असते.

‘घेतला’, ‘घेतली’, ‘घेतील’ यांची रूपे कुठे आहेत?

नाहीत. ‘योक’ हा सगळ्या लिंगांत, वचनांत, काळांत ‘योक’च राहतो. काम उरकले असेल तर क्रियापदानंतर ‘हअय’ (योक हअय), करून झाल्याचे सांगायचे तर आधी ‘बान’ (बान योक), पुढे होणार असेल तर आधी ‘नेउङ’ (नेउङ योक). काल, उद्या असा शब्द वाक्यात असेल तर तेवढीही गरज नसते. ‘बान’चा गोंधळ तेवढा लक्षात ठेवा: क्रियापदाच्या आधी आला तर झालेले काम, नंतर आला तर जमणे. ‘योक बान’ म्हणजे घेता येते, ‘योक मिन बान’ म्हणजे घेता येत नाही.

भाषांतराच्या अ‍ॅपवर विसंबावे का?

एकटा ‘टेक’ टाकला तर बहुतेक ‘योक’ मिळेल आणि तुम्ही तिथेच फसाल. पूर्ण वाक्य टाका, कर्मासकट. उत्तर आले की ते उलटे भाषांतरित करून पाहा. गोळीच्या वाक्यात ‘गिळणे’ परत आले नाही तर वाक्य बदला. आणखी एक अडचण लेखनाची आहे. ख्मेरमध्ये शब्दांमधे मोकळी जागा सोडत नाहीत, जागा येते ती वाक्यांशानंतर. अर्धेच वाक्य उचलून चिकटवले तर शब्दाचा तुकडा पडतो आणि अर्थ कोलमडतो, म्हणून पूर्ण ओळ उचलावी. औषधाच्या मात्रेसाठी मात्र अ‍ॅप नको, दुकानदाराकडून आकडे लिहून घ्या.

इतके संस्कृत शब्द आहेत, तर ख्मेर मराठीची नातेवाईक आहे का?

नाही. संस्कृत आणि पालीतून आलेले शब्द उसने आहेत, लिपीचे मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत आहे, पण भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. या कुळाची एक भाषा महाराष्ट्रातच बोलली जाते: मेळघाटातली कोरकू. ‘योक’, ‘चिह’, ‘लेप’, ‘दॉक’ असे रोजचे आखूड शब्द ख्मेरचे स्वतःचे आहेत, आणि रक्षा, रूप, चित्त, औषध हे वरून आलेले. ‘टेक’चे जवळजवळ सगळे काम पहिल्या गटाकडे आहे, त्यामुळे संस्कृतच्या आधाराने क्रियापद ओळखता येईल ही आशा सोडावी.

शब्दकोशात शोधायला इंग्रजी क्रम लागतो का?

लागत नाही. ख्मेर शब्दकोश क, ख, ग, घ, ङ अशाच वर्गवारीने लावलेले असतात. ‘थॉत’ त-वर्गात दुसऱ्या जागी, ‘योक’ प-वर्ग संपल्यावर य मध्ये, ‘लेप’ आणि ‘लिएप’ दोन्ही ल मध्ये. फक्त ‘दॉक’ आणि ‘दॉह’ त-वर्गात शोधू नका. त्यांचे अक्षर ट-वर्गाच्या सुरुवातीला, आपल्या ‘ट’च्या जागी बसते.